अब्रू कुणाची?
पिस्तुले रोखून समोरासमोर उभे दोन सरदार, कारण काय तर एखादा लागलेला शब्द: द्वंद्वाची ही प्रथा इंग्रज व्यंगचित्रकारांनी जलरंगांत सोलून काढली. द्वंद्वाला धैर्य लागे, असे कुणी म्हणेल. लागे खरेच, पण आव्हान बरोबरीच्यालाच देता येई, चाकराच्या अपमानाला तिथे जागा नव्हती. तशा चाकरांची अब्रू वेगळ्या वाटेने मिळाली: आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरीला १९४५च्या मे महिन्यात किसान सभेच्या हाकेवर हजारो वारली आदिवासी जमले, तेव्हा फुकट राबणे, झाडाला बांधून मार खाणे ही त्यांची रोजची बेअब्रू होती. एकट्याने जमीनदाराला ललकारले असते तर पुन्हा तेच झाड होते. सगळ्यांनी मिळून वेठ नाकारली, म्हणून ती मोडली. रक्त इथेही सांडले, हा आक्षेप खरा. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जेठ्या गांगडसह पाच आदिवासी पोलिसांच्या गोळीबारात पडले, तेव्हा बंदुका एकाच बाजूला होत्या.