लताबाईंची गोष्ट अर्धीच सांगू नका



मुलांना जिद्द शिकवायची म्हटलं की आपल्या बारामती-इंदापूर भागात लता करे यांची गोष्ट हमखास सांगितली जाते. शेतमजुरी करणाऱ्या, साठी ओलांडलेल्या बाई. पती आजारी, एमआरआय तपासणीला पैसे नाहीत. २०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या ३ किलोमीटरच्या शर्यतीत त्या नऊवारी साडीत, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढे २०२० मध्ये 'लता भगवान करे' हा चित्रपट आला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली.

मीही चौथीच्या वर्गात ही गोष्ट इथेच संपवायचे. यंदा एका मुलीनं विचारलं, "बाई, त्या दुसऱ्या आल्या असत्या तर?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्या मुलीची आई रोजानं शेतात जाते. तिचा प्रश्न तिच्या घरातून आला होता.

खरंच आहे. शर्यतीत पहिलं एकच जण येतं, पण आजारपण मागे राहिलेल्यांच्या घरीही असतंच. लताबाईंच्या जिद्दीला सलाम करूच. पण औषधपाणी हे काही जिंकून मिळवायचं बक्षीस नव्हे, हेही मुलांना सांगायला हवं. नाहीतर गरीब मूल एवढंच शिकतं, की आपल्याला मिळालं नाही म्हणजे आपणच कमी पळालो.

मुलांना पळवा जरूर, पण आनंदासाठी. आणि ही गोष्ट सांगाल तेव्हा त्या मुलीचा प्रश्न फळ्यावर लिहा. बघा, मुलं काय बोलतात ते.