शाळा घरी असो, सवंगडी बाहेरच हवेत

आमचे मूल शाळेत जात नाही, घरीच शिकते, असे एखाद्या आईने सांगितले की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग परीक्षेचं काय?" दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि खरा अवघड तोच आहे. त्या मुलाला मित्र कोण?

शाळेचा पर्याय सोडून मुलांना घरी शिकवणारी कुटुंबे आता मोठ्या शहरांतून दिसू लागली आहेत. कुणाला मार्कांची शर्यत नको असते, कुणाची सारखी बदली होते, तर कुणाच्या मुलाला वर्गाचा वेग झेपत नाही. कारणे वेगवेगळी असली तरी आईची चिंता एकच असते. अभ्यास घेता येईल, पण चार मुलांत मिसळणे कसे शिकवायचे?

परीक्षेची वाट आहे

आधी अभ्यासाचे पाहू. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून काम करते आहे. वयाची १४ वर्षे पूर्ण झाली की तिच्या माध्यमिक, म्हणजे दहावीच्या बरोबरीच्या परीक्षेला नाव नोंदवता येते. निदान पाच विषय घ्यावे लागतात, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या मुदतीत विषय सुटे सुटे देता येतात. दहावीसाठी मराठी माध्यमही आहे.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे. ते न पाळणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा नाही आणि घरच्या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेखही नाही. थोडक्यात, ही वाट कुणी बंद केली नसली तरी मोकळी करूनही दिलेली नाही. मात्र याच कायद्यामुळे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा इयत्तेत प्रवेश मिळू शकतो. म्हणजे परतीचे दार उघडे आहे, हे आई-वडिलांनी विसरू नये.

थोरांच्या घरचा धडा

जानेवारी १८९७ मध्ये गांधीजी दरबानला उतरले, तेव्हा त्यांच्यासोबत नऊ आणि पाच वर्षांचे दोन मुलगे आणि दहा वर्षांचा भाचा होता. तेथील युरोपियन मुलांच्या शाळेत त्यांना अपवाद म्हणून प्रवेश मिळू शकला असता, पण इतर हिंदी मुलांना न मिळणारी सवलत गांधीजींना नको होती. त्यांनी मुलांना घरी शिकवायला घेतले, काही काळ इंग्रज शिक्षिकाही ठेवली. कामाच्या धबडग्यात वेळ मात्र पुरेना. पुढे मुलांनी याविषयी तक्रार केली, थोरल्या हरिलालने तर फारच. आपण हवा तितका वेळ देऊ शकलो नाही, हे गांधीजींनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले आहे.

वडिलांचा हेतू कितीही उदात्त असो, निर्णयाची किंमत मूल मोजते. म्हणून घरी शिकवायला घेण्यापूर्वी आपल्याकडे रोजचा वेळ आहे का, हे आधी पाहावे. "आई आहेच घरात," असे म्हणून वडिलांनी अंग काढून घेणेही बरे नव्हे. आई गणित घेत असेल तर मैदानावर वडिलांनी न्यावे.

शोधाल तर सापडेल

शाळेत मैत्रीसाठी काही करावे लागत नाही. रोज तीच मुले भेटतात, भांडतात, डबा वाटून खातात. घरी शिकणाऱ्या मुलासाठी ही रोजची भेट ठरवून घडवावी लागते. एखाद्या रविवारचे शिबिर त्याला पुरत नाही. तीच मुले, तीच जागा, तोच वार, असे निदान दोन ठिकाणी तरी जमले पाहिजे.

अशा जागा आपल्याकडे कमी नाहीत. दिल्लीत १९५६ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय बालभवन आहे, बंगळुरूच्या कब्बन पार्कमध्ये बालभवन आहे, पुण्यात गरवारे बालभवन आहे. मुंबईत शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात मुले-मुली मल्लखांब शिकतात. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून मुलांना यंत्रांशी खेळू देते. बडोद्यात सयाजीरावांच्या काळातले, १९१० मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती ग्रंथालय आहे. परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी त्या त्या गावचे महाराष्ट्र मंडळ आहेच. गणपतीतल्या नाटकाच्या तालमीत महिनाभर जमणारी मुले शाळेइतकीच घट्ट मैत्री करतात.

लहान गावात यातले काही नसले तरी सार्वजनिक वाचनालय, तालीम, भजनी मंडळ, कबड्डीचा संघ असतोच. संगीतात गोडी असेल तर गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देता येतात. त्यांना शाळेचे नाव लागत नाही. ज्या स्पर्धांचे अर्ज शाळेमार्फतच भरावे लागतात, तिथे अडचण येते, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे.

आणखी एक गोष्ट. इतर मुले चार-पाचपर्यंत शाळेत असतात, मैदान तोवर रिकामे असते. म्हणून घरच्या अभ्यासाची वेळ सकाळी असावी आणि संध्याकाळ पूर्ण मोकळी सोडावी. दुपारी मुलाला पोस्टात, सुताराकडे, मंडईत न्यावे. मोठ्या माणसांशी बोलायला ते तिथे शिकते. मात्र घरी शिकणारी चार कुटुंबे फक्त आपापसातच भेटत राहिली, तर मुलांना एकाच चालीची माणसे दिसतात. चाळीतली, वस्तीतली, निराळ्या बोलीची मुलेही खेळात हवीत.

शिकवणे वेगळे, बसवणे वेगळे

मुलीच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. वयात आलेल्या मुलीला शाळेतून काढून, "आम्ही तिला घरीच शिकवतो," असे सांगणारी घरेही आहेत. तिच्या हातात पुस्तक आहे की पोळपाट-लाटणे, ती एकटी बाहेर जाते की नाही, तिला दहावीला बसवणार की नाही, यावरून ते शिक्षण की कोंडणे, हे कळते. ज्या घरच्या शिक्षणात मुलीचे बाहेर पडणे थांबते, ते शिक्षण नव्हे.

दर सहा महिन्यांनी मुलाला सरळ विचारावे, "तुला शाळेत जावंसं वाटतं का?" त्याच्या तोंडी दोन-तीन मित्रांची नावे सहज येत नसतील, ते पाहुण्यांसमोर खोलीत जाऊन बसत असेल, सुटीतल्या मुलांच्या घोळक्यात जायला कचरत असेल, तर बेत बदलायला हवा. मुलाला शाळेत परत पाठवण्यात आई-वडिलांचा पराभव नाही. हट्टापायी मुलाचे बालपण एकाकी जाऊ देणे ही मात्र न भरून येणारी हानी आहे.