हिशेबाच्या भाषेची मालकी

संगणकाची एखादी भाषा बंद पडली तर त्याचे सोयरसुतक कष्टकरी जनतेला कशासाठी, असे काही कार्यकर्ते विचारतील. बुलढाणा जिल्ह्यात याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. अडतीची पट्टी, पतसंस्थेची खतावणी, जिनिंगमधील हजेरी ही कामे खामगाव-मलकापूरसारख्या गावांतून कागदावरून संगणकावर गेली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी ‘फॉक्सप्रो’ हीच भाषा हाताशी होती. त्या आज्ञावली लिहिणारे बड्या कंपन्यांतील अभियंते नव्हते. वाणिज्य शाखेचा एखादा पदवीधर काही महिन्यांत ती शिके आणि ठेवींवरील व्याज बिनचूक काढून देई.

हे तिच्या घडणीमुळे शक्य झाले. नोंदवही उघडणे, नाव शोधणे, रक्कम बदलणे, क्रम लावणे या तिथे भाषेच्याच आज्ञा होत्या. नोंदी ठेवणारी यंत्रणा एक आणि तिच्याशी बोलणारी भाषा दुसरी, असा पसारा नव्हता.

हत्यार लोकांच्या हाती होते. मालकी मात्र परक्यांची. मूळची अमेरिकन कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ साली विकत घेतली. २००४ साली नववी आवृत्ती काढली आणि मार्च २००७ मध्ये यापुढे नवी आवृत्ती नाही, असे जाहीर करून टाकले. स्पॅनिशभाषक प्रोग्रॅमरांनी स्वाक्षऱ्यांची मोहीम उभारली, ती व्यर्थ गेली. भाषेचा गाभा लोकांना खुला करणेही कंपनीने नाकारले. जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही संपला. चालते हत्यार असे मोडीत निघते, तेव्हा तोटा नेमका कोणाच्या खाती पडतो?

जुन्या प्रोग्रॅमरांना पर्यायी भाषेकडून काय हवे, हे पाहिले तर मागण्या साध्या आहेत. वीस-पंचवीस वर्षांच्या आज्ञावली पुन्हा पहिल्यापासून लिहाव्या लागू नयेत. नोंदी हाताळण्याची सोय भाषेतच असावी. दर संगणकामागे भाडे नसावे. आणि तिला मराठी यावी! फॉक्सप्रोला युनिकोड कधीच कळला नाही. देवनागरी नावे त्या त्या फॉन्टच्या सांकेतिक खुणांत साठत, फॉन्ट बदलला की खातेदाराच्या नावाचा चिखल होई आणि वर्णक्रम तर कधीच नीट लागत नसे.

जुन्याचे गोडवे गाताना एक दोष झाकू नये. तिची साधी नोंदवही ज्याच्या हाती पडे, त्याला ती उघडून आकडा बदलता येई आणि बदलाचा माग मुळात राहत नसे. पतसंस्थांच्या काही संचालकांना ही सोय गैरसोयीची वाटली नसावी. नव्या भाषेत प्रत्येक बदलावर कर्त्याची व वेळेची मोहोर उमटलीच पाहिजे. ठेवीदाराचा तो हक्क आहे.

क्लिपर या भगिनीभाषेच्या अनुयायांनी ‘हार्बर’ ही मुक्तस्रोत भाषा घडविली. तिचा गाभा कोणालाही वाचता व सुधारता येतो, म्हणून कोणा कंपनीच्या घोषणेने ती मरत नाही. २०२२ साली केंद्र सरकारने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या या आज्ञावलीचा गाभा सार्वजनिक असावा आणि सेवा सहकारी संस्थेच्या गटसचिवाला व गावच्या पदवीधराला तो मराठीतून शिकविला जावा, अशी मागणी जिल्ह्यातील सहकारी संस्थांनी आगामी वार्षिक सभांत ठराव करून पुढे रेटावी.