विश्लेषण : कॅम्पिंगची गाडी, आधी छतावरचा तंबू की चांगले टायर?

पावसाळा ओसरला की थार, जिम्नी, गुरखासारख्या फोर-बाय-फोर गाड्या भंडारदरा, ताम्हिणी, कोकणाच्या दिशेने निघतात. छतावर तंबू, पुढे लोखंडी बंपर, वर दिव्यांची पट्टी. मात्र गाडी चिखलात रुतली की ओढायला पट्टा नसतो आणि चाकात हवा भरायला पंपही नसतो. कॅम्पिंगसाठी गाडी तयार करण्याचा क्रमच आपल्याकडे उलटा झाला आहे.

वजनाचे गणित काय?

पाच दरवाजांच्या जिम्नीचे रिकामे वजन सुमारे १,२०० किलो, तर भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा सुमारे १,५४५ किलो आहे. म्हणजे माणसे आणि सामान मिळून ३४० किलोच्या आसपास. चार प्रौढ बसले की त्यातले २८० किलो संपले. छतावरचा तंबू ५० किलोच्या घरात जातो आणि २० लिटर पाणी म्हणजे आणखी २० किलो. गणित इथेच चुकते.

वजन छतावर गेले की धोका आणखी वाढतो. गुरुत्वमध्य वर सरकतो आणि तिरक्या उतारावर गाडी उलटू शकते. त्यामुळे छतावर किती वजन चालते, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये आधी पाहावे. जड सामान खाली, मागच्या सीटला टेकवून, पट्ट्याने आवळून ठेवावे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या होत्या. ‘सगळेच लावतात’ हे दुकानदाराचे उत्तर आरटीओसमोर चालत नाही.

पैसे आधी कशावर खर्च करावेत?

पहिला मान टायरचा. त्यानंतर हवेचा दाब मोजणारे मीटर, १२ व्होल्टचा पंप, गाडी ओढण्याचा दणकट पट्टा, फावडे, प्रथमोपचार पेटी आणि छोटे अग्निशामक. चिखलात किंवा वाळूत हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्यावर येताच मात्र हवा पुन्हा भरायलाच हवी, नाहीतर टायर तापून फुटू शकतो. ओढण्याचा पट्टा कंपनीने दिलेल्या हुकलाच लावावा. ट्रेलरच्या गोळ्याला लावला आणि तो तुटला, तर गोळीसारखा सुटतो. फ्रीज किंवा दिव्यांसाठी नवी वायर ओढायची, तर बॅटरीजवळच फ्यूज हवा.

जीवघेणी चूक कोणती?

थंडी वाजते म्हणून तंबूत किंवा बंद गाडीत कोळशाची शेगडी ठेवणे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. शेगडी आणि गॅस नेहमी बाहेर, मोकळ्या हवेतच.

गाडी कुठेही नेता येते का?

नाही. भंडारदऱ्याचा बराच परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि अभयारण्यात शिरायला वन विभागाची परवानगी लागते. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवण्यास बंदी आहे. शेतात मुक्काम करायचा, तर मालकाला विचारावे आणि कचरा परत आणावा.

म्हणूनच सुचवावेसे वाटते, की पहिल्या दोन सहली मूळ गाडी आणि जमिनीवरचा साधा तंबू घेऊन कराव्यात. जे खरोखर कमी पडले, त्याची यादी करावी आणि तेवढेच विकत घ्यावे. ही यादी दुकानातल्या यादीपेक्षा बरीच छोटी निघेल.