आधी वजनकाटा, मग सूत्र

अकरावीची मुलं माझ्याकडे रसायनशास्त्राच्या शिकवणीला येतात तेव्हा ‘मोल’ची सूत्रं तोंडपाठ असतात; मोल म्हणजे किती, हे मात्र सांगता येत नाही. म्हणून मी वजनकाटा काढते. १८ ग्रॅम पाणी, ३४२ ग्रॅम साखर. दोन्ही एकेक मोल, दोन्हींत रेणू तेवढेच. पाण्याचे जेमतेम चार चमचे आणि साखरेचा तो ढीग बघून परवा एक मुलगी म्हणाली, “मॅडम, म्हणजे साखरेचा रेणू पाण्याच्या एकोणीसपट जड!” हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढची गणितं तिनं स्वतःच सोडवली. सीईटीच्या धास्तीनं क्लासमध्ये वजन करून बघण्याचा हाच अर्धा तास वाचवतात, आणि मुलं वर्षभर चाचपडतात. हे चूक आहे. शिक्षकांनो, पहिल्या तासाला फळ्यावर सूत्र लिहू नका. काटा आणा, मुलांना मोजू द्या.