सुट्टी हे बक्षीस नव्हे

मार्चअखेरीचे हिशोब आटोपून संस्थांची दप्तरे नव्या वर्षाला लागतात न लागतात तोच उन्हाळ्याची सुट्टी येऊन ठेपते, आणि ज्यांना न्यायला कोणी नातलग येतो ती मुले एकेक करून निघून गेली, की बालगृहाच्या शयनगृहात जी मागे उरतात त्यांतील कित्येकांच्या बाबतीत, जेथे छळ झाला ते ठिकाण म्हणजे त्यांचे स्वतःचे घरच असते. सुट्टी आणि आजोळ यांची सांगड आपल्याकडे इतकी पक्की बसली आहे, की जूनमध्ये शाळा उघडताच ‘मी सुट्टी कशी घालवली’ हा निबंध वर्गाला घालताना शिक्षकाला किंचितही थबकावेसे वाटत नाही. परंतु ज्याला आजोळ नाही, किंवा ज्याच्या जबाबात त्या आजोळाचाच उल्लेख आहे, ते मूल अशा वेळी शेजाऱ्याच्या वहीतले उतरवून काढते, नाहीतर कधीही न पाहिलेल्या आमराईचे वर्णन करून मोकळे होते. अधीक्षक, गृहमाता, परिविक्षा अधिकारी व बालकल्याण समित्यांचे सदस्य या आमच्या वाचकवर्गाने अशी एखादी वही अवश्य उघडून पाहावी.

अशा मुलांची सुट्टी म्हणजे संस्थेने काढलेली सहल, आणि बाल न्याय अधिनियम २०१५ खालील २०१६ च्या आदर्श नियमांत मनोरंजनाच्या सोयींमध्ये सहलींचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही कित्येक ठिकाणी सहल ही शिस्तीचा लगाम म्हणून वापरली जाते आणि ज्याने मारामारी केली, पळून जाण्याचा प्रयत्न केला किंवा अंथरूण ओले केले त्याचे नाव यादीतून सर्वप्रथम कमी होते. हा शिरस्ता आम्हांला सर्वथैव त्याज्य वाटतो. उपेक्षित मुलाचे ‘बेशिस्त’ वर्तन हे बहुधा त्याच्या दुखापतीचेच दृश्य रूप असते, आणि त्यासाठी सहल नाकारणे म्हणजे ज्याला औषधाची अधिक गरज त्याचेच औषध बंद करणे होय. सहलीची तरतूद प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक संगोपन आराखड्यात व्हावी, आणि एकदा दिलेला शब्द कोणत्याही कारणास्तव शिक्षा म्हणून मागे घेतला जाऊ नये. कारण मोठी माणसे शब्द मोडतात, हा या मुलांचा जुनाच अनुभव आहे.

वंचित मुलांना सुट्टीत बाहेर नेण्याची ही कल्पना नवी नाही. झुरिकचे धर्मोपदेशक वाल्टर बिऑन यांनी १८७६ साली शहरातील गरीब, अशक्त मुलांना आप्पेन्त्सेलच्या डोंगरात नेले आणि तेथून सुट्टीच्या वसाहतींची प्रथा युरोपभर पसरली. पोलंडमध्ये यानुश कोर्चाक या डॉक्टरांनी १९०७ साली मिखावूव्हका येथे वॉर्सातील गरीब ज्यू मुलांच्या अशाच वसाहतीवर काम केले. तेथील आपली फजिती त्यांनी पुढे निःसंकोच लिहून ठेवली: खेळांची सिद्धता उत्साहाने केली होती, पण रात्रीच्या शयनगृहातील गोंगाटापुढे मती कुंठित होऊन अखेर दमदाटीचा आश्रय घ्यावा लागला. बालशिक्षणात ज्यांचे नाव आज जगभर आदराने घेतले जाते, त्यांनीही हे काम त्या पराभवापासून शिकायला आरंभ केला.

रात्र हाच आपल्याही सहलींतील खरा अवघड प्रहर आहे. नवी जागा, अनोळखी अंधार, कडी नसलेले न्हाणीघर, दाराशी उमटलेली पुरुषी पावले, एवढ्यानेही दिवसभर हसतखेळत असलेले मूल एकाएकी ताठरते. उशीच्या अभ्र्यात रात्रीच्या जेवणातल्या दोन पोळ्या दडवलेल्या आढळल्या तर ती चोरी समजू नये. उलट, उद्या सकाळी न्याहरी मिळणार आहे हे पुन्हा सांगावे आणि ती वेळेवर मिळेल असा बंदोबस्त करावा. दिवसाचा क्रम आदल्या संध्याकाळीच मुलांना समजावून द्यावा, पाण्यात उतरावे की काठावर बसावे याची मुभा ज्याची त्याला असावी, आणि स्थळाची निवडही बालसमितीत चर्चा होऊन ठरावी.

उदाहरणादाखल मंडणगड तालुक्यातील वेळास घ्या. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपण्याचे काम २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने सुरू केले, आणि हंगामात पिल्ले सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडली जातात. निसर्गशिक्षणाला याहून उत्तम पाठ क्वचितच मिळेल. परंतु मादी अंडी घालून निघून जाते व घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही, हे वाक्य तेथे कोणी ना कोणी उच्चारणारच, आणि टाकून दिलेल्या मुलाच्या कानी ते वेगळ्याच अर्थाने पडणार. मग स्थळ बदलावे काय? आमच्या मते बदलू नये. सोबतच्या कार्यकर्त्याने आधीच सिद्ध असावे आणि प्रश्न आलाच तर सरळ सांगावे, की कासवाचे पिल्लू स्वतःच्या बळावर जगण्यासाठीच जन्मते, माणसाच्या मुलाला मोठ्यांची गरज असते, आणि मोठ्यांनी ती भागवली नाही तर त्यात मुलाचा कोणताही दोष नसतो. गावकऱ्यांच्या घरी उतरण्याची तेथील पद्धत कितीही अगत्याची असली, तरी आपली मुले मात्र घरोघर विभागू नयेत. सर्वांनी एकत्र आणि परिचित गृहमातेच्या सोबतीनेच राहावे.

मोकळ्या वातावरणात, बरोबरीने चालता चालता, मूल आजवर न बोललेले काही बोलून जाते. अशा वेळी उलटतपासणी करू नये, वचन देऊ नये. त्याचेच शब्द टिपून ठेवावेत आणि प्रकार लैंगिक अत्याचाराचा असेल तर २०१२ च्या पॉक्सो अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावे, कारण तेथे मौन हा गुन्हा ठरतो. देणगीदार फलकासह छायाचित्राचा आग्रह धरतात, त्यांना २०१५ च्या अधिनियमाचे कलम ७४ नम्रपणे दाखवावे. मुलाची ओळख उघड होईल अशी प्रसिद्धी निषिद्ध आहे, आणि छायाचित्राच्या अटीवर मिळणारी देणगी नाकारलेली बरी.

परतीनंतरचे दोन-चार दिवस रडण्याचे, भांडणांचे असतात. ते सहल फसल्याचे लक्षण मानून पुढील वर्षाचा बेत रद्द करू नये. जी गृहमाता सहलीत सोबत होती तिनेच त्या दिवसांत शयनगृहात हजर राहावे, आणि तिची रजा त्यानंतर, पण खात्रीने, मंजूर करावी.