फाइल कोणी उघडावी?

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरच्या एका कार्यालयात घडलेली ही गोष्ट. एका निवृत्त शिपायाच्या निवृत्तिवेतनाचा आदेश पीडीएफ स्वरूपात आला. संगणकांवर नुकतेच लिनक्स बसवले होते. लिपिकाने फाइलवर दोनदा क्लिक केले आणि ती लिबरऑफिस ड्रॉ या रेखाटनाच्या प्रोग्राममध्ये उघडली. ड्रॉ पीडीएफ नुसता दाखवत नाही, तर संपादनासाठी त्याचे घटक सुटे करून मांडतो. मूळ फॉन्ट न सापडल्यास दुसरा लावतो. जोडाक्षरे फुटली, रकाने सरकले, आणि तशीच छापलेली प्रत बँकेत गेली. नाव जुळत नाही म्हणून ती परत आली. त्या गृहस्थांचे निवृत्तिवेतन दोन महिने अडले.

खापर फुटले लिनक्सवर. "सर, विंडोजच बरे होते," हा कार्यालयाचा एकमुखी निष्कर्ष. मला तो तेव्हाही मान्य नव्हता, आजही नाही. दोष प्रणालीचा नव्हता. कोणीच न घेतलेल्या निर्णयाचा होता.

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्राम आपण कोणकोणत्या प्रकारच्या फाइली उघडू शकतो हे स्वतः जाहीर करतो. एकाच पीडीएफवर एव्हिन्स, ड्रॉ, गिंप असे अनेक दावेदार असू शकतात. त्यांतला कोण, हे 'माइमॲप्स.लिस्ट' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत एका ओळीत लिहिता येते. ती ओळ नसेल तर प्रणाली दावेदारांपैकी एकाला आपणच पुढे करते. अधिकारी रजेवर गेला की कार्यभार कोणाकडे, याचा लेखी आदेश आपण काढतो. तो न काढल्यास टेबलाशी जो बसलेला असेल तो सही करील. इथे नेमके तेच झाले.

केंद्र सरकारने 2010 मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणले आणि 2015 मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे. दोन्ही धोरणांचा मी समर्थक आहे. परंतु प्रणाली बसवली की धोरण अमलात आले, हा आपला लाडका भ्रम आहे. नागरिकाचा संबंध धोरणाशी येत नाही. तो येतो दोनदा क्लिक केल्यावर जे उघडते त्याच्याशी.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. जे काम एका ओळीने कायमचे होते, ते शंभर माणसांच्या स्मरणशक्तीवर का सोपवावे? दुसरा, वरून ठरवणे म्हणजे वापरकर्त्याच्या स्वातंत्र्यावर घाला. तसेही नाही. संगणकापुरती यादी '/ईटीसी/एक्सडीजी' या फोल्डरमध्ये राहते आणि वापरकर्त्याची स्वतःची यादी तिच्यावर मात करते. कार्यालयाने सुरुवात ठरवावी, बदल ज्याने त्याने करावा. यापेक्षा उदार व्यवस्था आपल्या नियमपुस्तिकांतही क्वचितच सापडेल.

आम्ही शेवटी ती ओळ लिहून सर्व संगणकांवर नेली. अर्ध्या दिवसाचे काम. ते आधी का झाले नाही? कारण ते 'तांत्रिक' मानले गेले, आणि तांत्रिक म्हणजे आपले नव्हे, अशी आपणा अधिकाऱ्यांची समजूत आहे. डीफॉल्ट हाही एक प्रशासकीय आदेशच असतो. तो आपण दिला नाही, तर आपल्या नावाने दुसरा कोणी देतो, आणि त्याची किंमत एखादा निवृत्त शिपाई मोजतो.